प्रूफ नाणी हौसेने घ्या, गुंतवणूक म्हणून नको

टांकसाळीने नवीन स्मारक नाणं जाहीर केलं की नाणेवाल्या ग्रुपांवर एकच धांदल उडते, बुकिंगची लिंक ओपन झाली का, प्रूफ (खास पॉलिशचं, आरशासारखं) घेऊ की यूएनसी (नवंकोरं, पण साध्या ठोकणीचं), आणि मग कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतोच, "घेऊन ठेवा, पाच वर्षांत डबल." मला या डबलवाल्यांशी जरा भांडायचंय.

आधी साधा हिशोब करू. आपल्याकडची बरीचशी 75, 100, 125, 150 रुपयांची स्मारक नाणी 44 मिमी व्यासाची, 35 ग्रॅम वजनाची असतात आणि त्यात चांदी फक्त 50 टक्के, बाकी 40 टक्के तांबं, 5 निकेल, 5 जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. 2023 मध्ये नवीन संसदेचं 75 रुपयांचं नाणं आलं तेव्हा चांदी किलोला सत्तर-पंचाहत्तर हजाराच्या आसपास होती, म्हणजे आतली चांदी साधारण सव्वाबाराशे ते तेराशे रुपयांची, आणि नाणं घेतलं लोकांनी तीन हजारांच्या वर देऊन. चांदी किलोला एक लाख झाली तरी आतला माल 1,750 चाच. म्हणजे चांदी दुपटीच्या वर जाईपर्यंत तुम्ही फक्त दिलेले पैसे भरून काढताय, आणि याला गुंतवणूक म्हणायचं!

गंमत म्हणजे हाच मिश्रधातू इंग्रजांनी 1940 पासून रुपयात वापरला होता, युद्धामुळे चांदी कमी पडली म्हणून. त्याआधीच्या राणीछापात जवळजवळ 92 टक्के चांदी. अजूनही सराफाकडे राणीछाप टाकलं तर तो लगेच काटा पुढे ओढतो, आणि तेच चाळीसनंतरचं नाणं दिलं की आधी सालाकडे बघतो. आपण त्याच अर्ध्या चांदीला आज मखमली डब्यात घालून मिरवतोय.

बरं, ही नाणी सराफाकडे न्यायची सोयही नाही. 2011 च्या कॉइनेज ॲक्टप्रमाणे नाणं वितळवणं गुन्हा आहे आणि स्मारक नाणीसुद्धा त्यात येतात. म्हणजे वर जो चांदीचा हिशोब केला तो कागदावरच. विकायचं तर दुसरा संग्राहक शोधा नाहीतर डीलर. आणि डीलरचा विकायचा भाव आणि घ्यायचा भाव यातलं अंतर काय असतं ते एकदा प्रदर्शनात काउंटरच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून बघा. ग्रुपवर फिरतो तो भाव मागणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा कुणीच टाकत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. जुनी नाणी महाग का झाली? कारण ती वापरली गेली, झिजली, वितळवून त्यांचे पैंजण-करदोटे झाले, आणि चांगल्या स्थितीत फार थोडी उरली. प्रूफचं काय होतं? घेणारा प्रत्येक जण ते कॅप्सूलमधून काढतसुद्धा नाही, सर्टिफिकेटसकट कपाटात. पन्नास वर्षांनीही जवळजवळ सगळी तशीच चकचकीत असणार. मग दुर्मीळ होणार कशी? 1970 च्या दशकात अमेरिकेत फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीने चांदीच्या प्रूफ मेडलांचे सेट असेच घरोघरी विकले होते, आणि 1980 मध्ये चांदी भडकली तेव्हा त्यातले ढीगभर सेट सरळ भट्टीत गेले, कारण मेडल म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

याला अपवाद आहेत, नाही असं नाही. टांकसाळीने कमी संख्येने पाडलेला एखादा इश्यू (नाण्याची आवृत्ती) किंवा जुने प्रूफ सेट बरा भाव खातात. पण तो इश्यू कुठला ते आधी कळलं असतं तर आपण सगळेच मुंबईत फोर्टात नाण्यांचं दुकान टाकून बसलो असतो.

2024 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या 90 वर्षांनिमित्त 90 रुपयांचं आलं ते मात्र 40 ग्रॅम शुद्ध चांदीचं, ते त्यातल्या त्यात बरं. तरी चांदीच हवी असेल तर सरळ वेढणी-बिस्किट घ्या, नाहीतर 2022 पासून सिल्व्हर ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारे चांदीचे फंड) आहेतच. आणि तिथेही जपून हं, चांदी 2011 मध्ये औंसाला जवळपास 50 डॉलरला जाऊन 2015 च्या शेवटी 14 च्याही खाली आली होती.

एवढं बोलून मी स्वतः घेतोच, कारण वस्तू देखणी असते बाबा. ठसा आणि चकती दोन्ही पॉलिश करून एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेलं, आकृतीभोवतीचा सपाट भाग आरशासारखा, वर उठलेली आकृती दुधाळ, आणि मुंबईचं असेल तर सालाखाली तो छोटासा एम. ते पैसे हौसेच्या खात्यात. फक्त मेहेरबानी करून बोटं लावू नका, आणि काळपट पडलं म्हणून टूथपेस्टने तर अजिबात घासू नका, त्या घासलेल्याला डीलर हातही लावत नाही. बिल आणि सर्टिफिकेट डब्यातच ठेवा, आणि घरच्यांना निदान एवढं सांगून ठेवा की ही शंभर रुपयाला खर्चायची नाणी नाहीयेत. एका ओळखीच्यांच्या पोरानं असंच एक नाणं किराणावाल्याला शंभर म्हणून द्यायचा प्रयत्न केला होता, नशीब त्यानेच घेतलं नाही 😄