चिखलदरा कुणा साहेबाने शोधलेला नाही

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरायला लागतो. १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधून काढला, त्याआधी इथे नुसतं जंगल होतं, आणि इथले कोरकू आदिवासी म्हणजे गोंडांचीच एक शाखा, त्यांना स्वतःचा इतिहास नाही. परतवाड्याहून घाट चढणारे आपलेच वऱ्हाडी लोक हे कौतुकाने पुढे पाठवतात. मेळघाटावर हा धडधडीत अन्याय आहे.

गावाला लागूनच गाविलगड उभा आहे, तो कुणाच्याच नजरेत भरत नाही का? बहमनी सुलतान अहमदशहा वलीने तो १४२५-२६ च्या सुमारास बांधला. पुढे अचलपूरच्या इमादशाहीने तो दुरुस्त केला, वाढवला. दिल्ली दरवाजासमोर दोन मिनिटं थांबा. कमानीच्या वर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, आणि सिंह कोरलेत. नुसत्या जंगलात असं काम होत नसतं.

बरं, साहेबांनाही हा डोंगर १८२३ साली नवा नव्हता. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावची लढाई जिंकून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेकडचा कडा अवघड, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढत नेल्या. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडलं आणि नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी इंग्रज आणि भोसल्यांमध्ये देवगावचा तह झाला. ज्या पठारावर इंग्रजांनी तोफा चढवल्या, ते त्यांच्याच माणसाला वीस वर्षांनी ‘सापडलं’ म्हणायचं? शिवाय १८२३ मध्ये वऱ्हाड निजामाचं होतं. इंग्रजांच्या कारभाराखाली ते आलं १८५३ साली.

रॉबिन्सन इथे आला, थंड हवेचं ठिकाण साहेबलोकांमुळे वाढलं, कॉफीही त्यांच्याच काळातली. हे कुणी नाकारत नाही.

आता कोरकूंचं. ही चूक मला जास्त खुपते, कारण ती माणसांबद्दलची आहे. गोंडी ही द्राविडी भाषा आहे, तेलुगूच्या कुळातली. कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. भाषेचं मूळच वेगळं असताना शाखा कशी म्हणणार? धारणी, हरिसाल, सेमाडोहकडे ती आजही घरात बोलली जाते.

आणि इतिहास नाही म्हणता, तर कोरकू आपल्या मेलेल्या माणसांसाठी काय करतात ते बघा. सिडोलीचा विधी करून सागाच्या लाकडाचा मुंडा, म्हणजे स्मृतिस्तंभ, रोवतात. त्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेला असतो. गेलेल्यांची अशी नोंद ठेवणाऱ्या समाजाला इतिहास नाही, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हा मजकूर पुन्हा आला तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला त्याच ग्रुपवर १८०३ सालाबद्दल विचारा.