ग्रीकचा एओरिस्ट ‘क्षणात’ संपवणाऱ्यांनो, पुरे करा!

डोकं फिरलंय माझं. प्राचीन ग्रीक शिकायला घ्यावं, तर जो तो पढवतो: एओरिस्ट हे क्रियापदाचं रूप म्हणजे भूतकाळात एकदाच, क्षणात घडून संपलेली क्रिया. साफ चूक आहे हे! योहानाच्या शुभवर्तमानात (2:20) यहुदी येशूला सुनावतात की हे मंदिर बांधायला 46 वर्षं लागली. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद कुठलं? ‘ओइकोदोमेथे’. एओरिस्ट! 46 वर्षं म्हणजे क्षण का हो? फ्रँक स्टॅग या अभ्यासकाने 1972 साली एओरिस्टच्या याच गैरवापरावर अख्खा लेख लिहिला. पण पालथ्या घड्यावर पाणी. अहो, बोलणारा ती क्रिया सबंध, एकगठ्ठा बघतोय, एवढंच एओरिस्ट सांगतो. तिला किती वेळ लागला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि आज्ञार्थात कसला आलाय काळ? मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत (6:11) भाकर मागताना ‘दोस’ येतं, ते एओरिस्ट. लूकने (11:3) तीच प्रार्थना दिलीय, तिथे ‘दिदू’, ते वर्तमानाचं रूप. भाकर दोन्हीकडे अजून मिळायचीच आहे! एक म्हणतो ‘आज दे’, दुसरा म्हणतो ‘रोज देत जा’. मराठी माणसाला यापुढे काय समजावून सांगायचं? पण नाही, आम्ही आधी इंग्रजीचे काळ घोकायचे आणि मग त्यात ग्रीक कोंबायचं.

खरा संताप पुढेच आहे. शाळेत संस्कृतचा लङ् (एक भूतकाळ) घोकून आलेल्या पोरांना कुणी सांगतच नाही की ग्रीकचा ‘एफेरोन’ आणि आपला ‘अभरम्’ (दोन्ही ‘वाहणे’ची भूतकाळी रूपं) सख्खे भाऊ आहेत. आपल्याकडे आधी ‘अ’ लागतो, तिकडे ‘ए’. ‘पाहणे’ची ‘देदोर्का’ आणि ‘ददर्श’ ही रूपं शेजारी ठेवा, द्वित्व (पहिल्या अक्षराची पुनरावृत्ती) तेच. (अर्थ जरा सरकतो, ग्रीकमध्ये त्यातून आत्ताची स्थिती कळते, पण घडण एकच.) लङ्, लुङ्, लिट् हे संस्कृतचे तिन्ही भूतकाळ घरात असताना आम्ही ग्रीकच्या भूतकाळांपुढे आंधळ्यासारखे चाचपडायचं!

‘फेरो, ओइसो, एनेंका’ (नेतो, नेईन, नेलं) ही एकाच क्रियापदाची तीन अनोळखी तोंडं पाठच करावी लागतात. करतो की, रात्र रात्र बसून करतो. पण पहिल्या धड्यात चुकीचा नियम डोक्यात ठोकायचा आणि वर्षभराने ‘तसं काही नसतं बरं का’ म्हणायचं, ही कुठली शिकवण्याची रीत? तो नियम आधी पुस्तकातून काढा!