गगनयानाचे २०,१९३ कोटी : मीच पाठवलेल्या मेसेजची दुरुस्ती

‘तिघांना तीन दिवस अंतराळात न्यायला २०,१९३ कोटी’ हा गगनयानाबद्दलचा, म्हणजे भारताच्या माणसाला अंतराळात पाठवण्याच्या मोहिमेबद्दलचा मेसेज परवा मीही पुढे ढकलला. तो चुकीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या १८ सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाचं प्रसिद्धिपत्रक आता नीट वाचलं. ही रक्कम एका उड्डाणाची नाही. डिसेंबर २०२८ पर्यंतच्या आठ मोहिमांची आहे, त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आला. शिवाय चाचण्या. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून रिकामी कुपी (अंतराळवीर ज्यात बसतात ती कॅप्सूल) उडाली, पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली, नौदलाने ती बाहेर काढली. माणूस सुखरूप परतायला हवा, तर हे आधी करावंच लागतं. खर्चावर वाद जरूर घाला. पण तो मेसेज कृपया थांबवा आणि ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासाही पाठवा.