'लेन्स खराब आणि सल्ला त्याहून खराब' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. 'स्टॅबिलायझर आहे, हातात धरून आरामात चालेल, असं सांगून पक्ष्यांसाठी 150-600 मिमीची झूम लेन्स भाड्याने दिली. तासाभरात हात भरून आले, निम्म्याहून जास्त फोटो हललेले. लेन्स खराब आणि सल्ला त्याहून खराब,' असं तुम्ही लिहिलंत. सल्ल्याबद्दलचं मला पूर्ण मान्य आहे. लेन्सबद्दलचं मात्र नाही.

लेन्स परत आली त्याच दिवशी मी ती ट्रायपॉडवर लावली, स्टॅबिलायझर बंद केला आणि 600 मिमीला एफ/6.3 या अ‍ॅपर्चरवर (तिथल्या सर्वांत मोठ्या छिद्रावर) बारीक छपाईच्या कागदाचे फोटो काढले. अक्षरं स्वच्छ आली. मग तुम्ही दिलेल्या फाइली वेळेच्या क्रमाने एकेक मोठ्या करून पाहिल्या.

सुरुवातीच्या फोटोंत फांदी, सालीवरच्या रेषासुद्धा, अगदी स्पष्ट आहे आणि पक्ष्याचं डोकं तेवढं पुसट. म्हणजे हात हललेला नाही, पक्षी हलला. स्टॅबिलायझर हाताची थरथर सावरतो. मान वळवणारा पक्षी तो थांबवू शकत नाही. तिथे शटरच वेगवान लागतं. तुमचं शटर 1/320 सेकंद होतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 400. तुमची कॅमेरा बॉडी निकॉनची डीएक्स, लहान सेन्सरची, म्हणजे 600 मिमी तिथे 900 सारखी दिसते, आणि हातात धरायचं तर जुना ठोकताळा (जितके मिमी, शटर सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाचं) 1/1000 च्या आसपास जातो. आयएसओ 1600 केला असता, तर त्याच उजेडात 1/1250 मिळालं असतं. थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला असता, पण ग्रेन नंतर कमी करता येतो, हललेला डोळा नाही. हे लेन्स देताना दोन मिनिटांत सांगायला हवं होतं.

शेवटच्या अर्ध्या तासातले फोटो वेगळे आहेत. तिथे फांदी, पानं, पक्षी, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. हे दमलेले हात आहेत, आणि ही चूक सर्वस्वी आमची.

तुम्हाला दिलेली सिग्माची 150-600 स्पोर्ट्स 2860 ग्रॅमची आहे. त्यावर बॉडीचं वजन वेगळं. शिवाय झूम 600 ला नेला की नळी पुढे येते आणि भार मनगटापासून लांब जातो. काट्यावरचं वजन तेवढंच, पण हाताला जास्त लागतं. याच कंपनीची, याच फोकल लेंग्थची आणि याच अ‍ॅपर्चरची कंटेम्पररी 1930 ग्रॅमची आहे. तीही आमच्याकडे कपाटात होती. तुम्ही किती वेळ चालणार, ट्रायपॉड नेणार का, हे काउंटरवर कुणी विचारलंच नाही. जास्त मजबूत आहे म्हणून स्पोर्ट्स पुढे केली गेली. मला स्वतःला ती लेन्स फार आवडते, पण मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर.

तुमच्यासारखं पायी फिरून टिपायचं असेल, तर माझी पहिली पसंती निकॉनची 500 मिमी एफ/5.6 पीएफ. वजन 1460 ग्रॅम, स्पोर्ट्सच्या जवळपास निम्मं. झूम नाही आणि टोकाचे 100 मिमी जातात, हे खरं. तरी दुसऱ्या तासालाही जी डोळ्याला लावावीशी वाटते, त्या लेन्सवर जास्त फोटो मिळतात, असा माझा अनुभव आहे.

तुमचं भाडं पूर्ण परत करतो. पुढच्या फेरीला कंटेम्पररी किंवा 500, जी हवी ती, आमच्याकडून न्या. त्याचे पैसे घेणार नाही. फक्त येताना तुमची बॉडी घेऊन या. दोन्ही लेन्स लावून दहा-दहा मिनिटं डोळ्याला धरा, डावा हात लेन्सखाली शक्य तितका पुढे आणि कोपर बरगड्यांना टेकवून. हात कुठे भरतो ते तिथेच कळेल. लेन्स त्यानंतरच ठरवू.