चमकलं म्हणजे सापडलं असं नसतं

"प्लास्टिकची अँटिबॉडी आली, हव्या त्या रेणूचा साचा बनवा, सॅम्पलचा एक थेंब टाका, चमकलं की रेणू १००% सापडला, आता खरी अँटिबॉडी इतिहासजमा" असा मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. मी याच पॉलिमरवर काम करते, म्हणून राहवत नाहीये. हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घडवायचं, मग तो साच्याचा रेणू धुवून काढायचा, मागे त्याच्या आकाराची खाच उरते, हेच इम्प्रिंटेड पॉलिमर, म्हणजे मेसेजमधली "प्लास्टिकची अँटिबॉडी".

आधी चमकण्याचं बघू. बऱ्याच फ्लुओरेसंट, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणाऱ्या, इम्प्रिंटेड पॉलिमरमध्ये रेणू खाचेत बसला की चमक वाढत नाही, उलट कमी होते, त्याला क्वेंचिंग म्हणतात. आणि चमक कमी व्हायला रेणूच लागतो असं थोडीच आहे, सॅम्पल रंगीत असलं आणि त्यानेच यूव्ही शोषला तरी तेच दिसतं, पीएच बदलला तरी. माझ्या पहिल्या बॅचला दिव्याखाली क्युव्हेटमधला (सॅम्पलच्या छोट्या पारदर्शक डबीतला) निळा उजेड भराभर मंद झाला, मी खूश, आणि मग बघते तर शेजारचं एनआयपी, म्हणजे साच्याशिवाय बनवलेलं तेच पॉलिमर, तेही जवळजवळ तेवढंच मंद झालेलं! म्हणजे त्यात साच्याचा वाटा जवळपास नव्हताच. एनआयपीचा ग्राफ शेजारी नसेल तर मी कुणाचाच दावा धरत नाही.

"फक्त तोच रेणू बसतो" हे अर्धं खरं. थिओफिलिन (दम्याचं औषध) आणि कॅफिनमध्ये फक्त एका मिथाइल गटाचा फरक, तरी १९९३ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या पेपरात थिओफिलिनच्या साच्यावर बनवलेल्या पॉलिमरने कॅफिनला जवळजवळ धरलंच नाही, भारीच काम होतं ते. पण तिथे रेणू मोजायला लावलेली खूण किरणोत्सारी होती, फ्लुओरेसंट नव्हे, आणि थिओफिलिन रक्ताच्या सीरममधून सेंद्रिय द्रावकात काढून घेऊन मग टेस्ट केली होती. थेट पाण्यात टाकलं की रेणूला खाचेत धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधांसाठी पाणीच भांडायला लागतं, पकड ढिली पडते. शिवाय सगळ्या खाचा सारख्या नसतात, काही नीट उमटतात, काही अर्ध्यामुर्ध्या, त्यांच्यात दिसायला सारखे रेणूही घुसतात.

साच्याचा रेणू धुवून पूर्ण निघतो हेही खरं नाही, कितीही धुवा थोडा आत अडकतोच आणि नंतर झिरपत राहतो, अगदी कमी प्रमाण मोजायचं असेल तर तोच सॅम्पलमधला समजून मोजला जाऊ शकतो. म्हणून बरेच जण साच्यासाठी त्याच्यासारखाच दुसरा रेणू वापरतात.

राहिली अँटिबॉडी. उष्णता, द्रावकं सोसण्यात पॉलिमर सरस, फ्रिजही लागत नाही, छोट्या रेणूंसाठी मी तरी आधी तेच करून बघेन. पण अख्खं प्रोटीन घट्ट जाळ्यातून ना नीट बाहेर निघतं ना परत आत जातं, म्हणून बरेचदा त्याचा एक छोटा तुकडाच साच्याला घेतात.