कपाळावरचा आकडा आणि टाचेतला थेंब

नवजात बाळांच्या काविळीबद्दल एक निरोप सध्या या गटातून त्या गटात फिरतोय. थोडक्यात असा: 'कपाळाला टेकवायचं यंत्र आल्यापासून बाळाला टोचून रक्त घ्यायची गरज उरलेली नाही. आकडा १५ च्या आत असला की निर्धास्त घरी जा. यंत्र नसेल तर अंगाचा रंग बघा, पिवळेपणा पोटाखाली उतरला नसेल तर काही नाही. मोबाइलच्या फोटोवरूनही कळतं. आणि कावीळ असलीच तर कोवळं ऊन पुरे.'

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. टाचेला टोचल्यावर बाळ कसं रडतं ते ज्याने ऐकलंय, त्याला हे खरं असावंसंच वाटणार. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेता येत नाही, आणि दुसरं तर सरळ घातक आहे.

आधी रक्ताचं बघू. ते यंत्र कातडीवर प्रकाश टाकतं आणि परत काय येतं ते तपासतं. बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारं आणि कावीळ आणणारं रंगद्रव्य, पिवळं असल्यामुळे निळा प्रकाश गिळतं. किती गिळला गेला त्यावरून, हिमोग्लोबिन आणि कातडीचा मूळ रंग वजा करून, यंत्र अंदाज बांधतं. म्हणजे ते मोजतं कातडीत झिरपलेला पिवळेपणा, रक्तातला नव्हे. दोन्ही आकडे बऱ्यापैकी जवळ असतात, पण दोन-तीन मिलिग्रॅमचा (दर १०० मिलिलिटर रक्तामागे; इथले सगळे आकडे याच मापात) फरक सहज पडतो आणि पातळी चढेल तसा तो वाढतो. नेमकी जिथे खात्री हवी तिथे! म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते, की यंत्राचा आकडा उपचाराच्या रेषेपासून, म्हणजे ज्या पातळीला उपचार सुरू करतात तिथपासून, ३ मिलिग्रॅमच्या आत आला, किंवा १५ वा त्याहून जास्त निघाला, तर रक्त तपासा. यंत्र ही चाळणी आहे. तिच्यामुळे पुष्कळ बाळांची सुई टळते, हे निरोपातलं अर्धं सत्य मान्य. शिवाय बाळ उपचारासाठी निळ्या दिव्याखाली असताना ही चाळणी फसते, कारण कातडी आधी निवळते आणि रक्त मागे राहतं. ३५ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांत आणि कुठल्याही बाळाच्या पहिल्या २४ तासांत तर ब्रिटनची 'नाईस' संस्था थेट रक्तच तपासायला सांगते.

आता ते '१५ च्या आत'. हे कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे: '१५ किंवा जास्त असेल तर रक्त तपासाच' हे वाक्य कुणीतरी उलटं करून वाचलंय. १५ च्या खाली सगळं ठीक, असं ते कुठेच म्हणत नाही. बिलिरुबिनच्या आकड्याला बाळाचं वय जोडल्याशिवाय काही अर्थ नसतो, आणि वय दिवसांत नाही, तासांत. 'नाईस'च्या तक्त्यात ३८ आठवडे पूर्ण केलेल्या बाळासाठी २४ व्या तासाला फोटोथेरपीची (त्याच दिव्याच्या उपचाराची) रेषा सुमारे ११.७ मिलिग्रॅमवर आहे, ९६ व्या तासाला सुमारे २०.५ वर. म्हणजे १३ हा आकडा पाचव्या दिवशी बहुधा नुसता लक्ष ठेवण्यापुरता, पण पहिल्याच दिवशी आला तर ताबडतोब उपचाराचा. आधी जन्मलेल्या बाळांची रेषा आणखी खाली. त्यात हा आकडा तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चढत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जाताना घेतलेली एक नोंद पुरत नाही. चढण्याचा वेगही बघावा लागतो: पहिल्या दिवशी तासाला ०.३ किंवा त्यानंतर ०.२ मिलिग्रॅमच्या वेगाने वाढ होत असेल, तर तांबड्या पेशी भराभर फुटत असल्याची शंका घेतात. बिलिरुबिन फार चढून मेंदूत उतरलं, तर ऐकू येणं आणि हालचालींवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

रंगाची गोष्ट जुनी आहे. १९६९ मध्ये क्रेमर या डॉक्टरांनी पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरतो, हे मांडलं. क्रम खरा आहे. पण त्यावरून आकडा ताडायला गेलं की अनुभवी डोळेही चुकतात, आणि सावळ्या बाळात किंवा पिवळ्या दिव्यात तर फारच. पिवळं दिसलं तर तपासा, हे बरोबर. पहिल्या २४ तासांत दिसलं तर धावतपळत तपासा. दिसत नाही म्हणून सोडून द्या, हे चूक.

मोबाइलवर संशोधन चालू आहे, थट्टेचं नाही. पण त्या पद्धतींमध्ये बाळाशेजारी रंगांचं प्रमाणित कार्ड ठेवतात, किंवा डोळ्याचा पांढरा भाग खास हिशेबाने मोजतात. साध्या फोटोत कॅमेरा रंग आपोआप 'सुधारतो', म्हणजे नेमका पिवळेपणाच पुसतो.

उन्हाची कथा मात्र मला आवडते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात वॉर्ड आडनावाच्या सिस्टर बाळांना अंगणात नेत. उघड्या भागाचा पिवळेपणा फिका पडतो आणि झाकलेला तसाच राहतो, हे तिथे लक्षात आलं, आणि १९५८ मध्ये त्यावरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आजची फोटोथेरपी तिथूनच निघाली. म्हणजे ऊन काम करतं. पण त्यातलं काम करणारं आहे ते निळा-हिरवा प्रकाश, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. बाकी अतिनील किरण आणि उष्णता फुकट गळ्यात पडतात. नायजेरियात उन्हाचा उपचार यशस्वी झाला तो ही दोन्ही गाळणाऱ्या पडद्यांखाली, बाळाचं तापमान वारंवार बघत. खिडकीतल्या उन्हात किती मात्रा मिळाली ते कुणालाच कळत नाही, आणि तोवर वेळ जातो.

निरोपात एक गोष्ट आलेलीच नाही. यंत्र एकूण बिलिरुबिन सांगतं, ते कुठल्या प्रकारचं हे सांगत नाही. १४ दिवसांनंतरही कावीळ रेंगाळली, शी पांढुरकी आणि लघवी गडद होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. तेव्हा कपाळावरचा आकडा ८ असेल, अगदी आश्वासक. पण त्यातलं थेट बिलिरुबिन (यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं, पित्ताची वाट अडली की साठणारं) किती, हे फक्त रक्तच सांगतं. आणि पित्ताला आतड्यात वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झालेली बरी.