पणजीचं बारा वर्षांचं कुंकू

माझी भाची ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. 7 मे 2025 ला देशभर युद्धसरावाचे भोंगे वाजले, ठाणे जिल्ह्यातही. त्यानंतर तिने सातवीच्या मुलांना सुट्टीतलं काम दिलं. 1971 च्या युद्धात तुमच्या घरात काय चाललं होतं, हे सोसायटीतल्या आजी-आजोबांना विचारायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. पालकांच्या ग्रुपवर लगेच वाद पेटला. ‘मरणाबिरणाच्या गोष्टी मुलांना कशाला? शौर्याच्या सांगा.’ शेवटी शाळेनं तो उपक्रम मागे घेतला.

मी चौदा वर्षं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहते. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं. पाचशेवर माणसं गेली, त्यातल्या कितीतरी जणांना एकत्रच पुरावं लागलं. जुन्या कॅथीड्रलच्या भिंती अजून तशाच उघड्या उभ्या आहेत. माझ्या मुलाच्या वर्गात नव्वदीच्या एक बाई बोलायला आल्या होत्या. बाईंनी, म्हणजे वर्गशिक्षिकेनं, मुलांना आधीच बजावलं होतं की कोण गेलं हे विचारायचं नाही. झोपायचात कुठे, जेवायला काय होतं, रात्री चपला कुठे ठेवायचात, हे विचारा. जिन्याखालच्या कपाटात झोपायचो, असं सांगता सांगता त्या आपणहून भावाच्या आठवणीकडे वळल्या आणि थांबल्या. वर्गात कुणीही मध्ये बोललं नाही. गप्प बसायलाही त्यांना शिकवलेलं होतं.

पालकांना आधी पत्र आलं होतं. ज्या मुलाला नको असेल त्याची दुसऱ्या खोलीत सोय होती. ठाण्यातल्या पालकांची काळजी मला खोटी वाटत नाही. पण तिच्यावर उपाय अशी तयारी हा आहे, काम बंद करणं नव्हे. साठ मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, हेही मला मान्य आहे.

हे एवढं जिवाला लागण्याचं कारण घरचं आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी होत्या. दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे 66 जण होते. त्यांची आठवण दरवर्षी त्याच दिवशी काढली जाते, आणि ती काढलीच पाहिजे. माझे पणजोबा गोदीत हमाल होते. ते सापडलेच नाहीत. देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार, करायचा, ही आमच्याकडची रीत. पणजी मुलांना घेऊन ठाण्याला भावाकडे आली आणि 1956 पर्यंत रोज कुंकू लावत राहिली. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या की नाही, ती जायची की नाही, हे आता सांगणारं कुणी उरलं नाही.

हे मला आजीच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं, आजी गेल्यावर दोन वर्षांनी. बावीस वर्षं मी आजीच्या शेजारी झोपले. तिला आंबोळ्यांचं प्रमाण विचारलं, हे कधीच विचारलं नाही.

इकडेही सगळं शिकवतात असं नाही. जहाज ब्रिटिश, युद्ध त्यांचं, तरी मुलाच्या पुस्तकात मुंबईच्या गोदीचं नाव नव्हतं. ते त्यानंच वर्गात उभं राहून सांगितलं.

1971 मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज साठीपलीकडे आहेत आणि रोज सकाळी ठाण्यात तलावपाळीच्या तळ्याभोवती फेऱ्या मारतात. तावदानांना चिकटवलेला कागद, अर्धे काळे केलेले गाड्यांचे दिवे त्यांना आठवतात. कुणाच्या शेजारचा दादा परत आला नसेल, तर तेही.

भाची आता शाळेबाहेर, पालकांनी होकार दिलेल्या सहा मुलांना घेऊन पुन्हा सुरुवात करते आहे. मी तिला प्रश्न लिहून पाठवले आहेत. पहिला असा आहे: तेव्हा तुमच्या घरात जेवायला किती पानं मांडली जायची?